आधी नाव, मग उठव

बसा निवांत. जावई रुसलाय, आता वीस मिनिटं तरी उठायचा नाही.

दचकू नका, मला लेक नाही. जावई म्हणजे खिडकीबाहेर स्टँडवर चढवलेला तो मोठा दिवा. पेटला की असा पांढराशुभ्र उजेड पाडतो की पाहणाऱ्याला चांदणंच वाटावं. पण मध्येच विझला तर लगेच पुन्हा पेटत नाही, आधी पुरता गार व्हावा लागतो. तोवर हातापाया पडा, वायर हलवा, शिव्या द्या, हा ढिम्म. माझ्या सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी त्याचा नखरा पाहिला आणि म्हणाले, "हा तर जावई!" तेच नाव पडलं.

तुम्ही या कामात नव्या आहात, म्हणून सांगते. सिनेमाच्या दिव्यांची नावं शिकायची, पण ती कुठून आली हे विचारायच्या भानगडीत पडायचं नाही. बेबी, ज्युनिअर, सीनियर ही झाली सरळ नावं, लहान-मोठ्या मापाची. इंकी त्याहून छोटा, पण त्याला इंकी का म्हणतात ते विचारलंत तर चार जण पाच गोष्टी सांगतील. रेडहेड लाल डोक्याचा, हे एक वेळ कळतं. दिव्यापुढे नळकांडं लावतात ते स्नूट, म्हणजे नाक. आमच्याकडे त्याला नणंद म्हणतात, कारण ते नको तिथे नाक खुपसतं. उजेड अडवायच्या फळीला गोबो का म्हणतात यावर मी दोन मोठ्या माणसांना हमरीतुमरीवर आलेलं पाहिलंय. आणि भोकं पाडलेली ती प्लायवूडची फळी, जिच्यातून भिंतीवर झाडाची सावली पडते, ती कुकी. तिचं पूर्ण नाव लांबलचक आहे. कुणी म्हणतो ते ग्रीक, कुणी म्हणतो एका माणसाचं आडनाव, कुणी म्हणतो कुणीतरी गंमत म्हणून ठोकून दिलं. सासरे म्हणायचे, ऋषीचं कूळ, नदीचं मूळ आणि दिव्याचं नाव, शोधायला जाऊ नये.

मूळ माहीत असलेली एकच गोष्ट आमच्याकडे आहे, आणि ती आमच्या घरातलीच. पूर्वी सेटवर दिवा बंद करायचा तर "मार" म्हणत. "ज्युनिअर मार", "सीनियर मार". आमचे हे जन्मले त्या दिवशी सासरे कामावर होते. दवाखान्यातून नुकताच निरोप आलेला, पेढे वाटायच्या गडबडीत ते शिडीवर चढलेले, आणि खालून त्यांचे हेड ओरडले, "बेबी मार!" सासरे शिडीवरून पडता पडता वाचले. खाली उतरले आणि म्हणाले, "माझ्यासमोर हा शब्द पुन्हा नको. बेबी निजव म्हणा." झालं. तेव्हापासून आमच्या माणसांत दिवा बंद करायचा तर "निजव" आणि चालू करायचा तर "उठव". हुकूम ऐकला की स्विचवरच्या माणसाने उलट सांगायचं, "निजवला", "उठवला". म्हणजे सांगणाऱ्याला कळतं, काम झालं.

आणि एक नियम. आधी नाव, मग उठव. नाव घेतल्याशिवाय कुणाला उठवायचं नाही. सासरे म्हणायचे, "नुसतं उठव म्हटलंस तर कोण उठेल, सांगता येतं का?" मला वाटायचं, फ्यूज उडू नये म्हणून सांगतात. फ्यूजसाठीच सांगत असतील. माझं त्यांना नीट विचारायचं राहूनच गेलं.

सासऱ्यांनंतर हे काम खरं तर ह्यांच्याकडे यायचं. पण शिडीच्या दुसऱ्या पायरीवर ह्यांना गरगरतं. म्हणून हे जनरेटरची गाडी सांभाळतात, जमिनीवर. शिडी आणि स्विच माझ्याकडे आले. हाताखाली धाकटे दीर. मी त्यांना भाऊजी म्हणते, बाकी सगळं युनिट त्यांना डुलकी म्हणतं. कामाला वाघ, पण पाठ टेकायला जागा मिळाली की संपलं. एकदा मोकळ्या ट्रंकेत झोपले होते, आम्ही झाकण लावून गाडीत चढवायच्या बेतात होतो.

तर एकदा शूटिंगला एक जागा मिळाली. एक जुनी लांबट इमारत, आत एकच मोठा हॉल, आणि हॉलमध्ये भिंतीला डोकं करून लोखंडी खाटांची रांग. सिनेमात तो दवाखान्याचा वॉर्ड होणार होता. नर्स हातात दिवा घेऊन रात्री खाटांमधून चालत जाते, एवढाच प्रसंग. खाटा तिथल्याच होत्या, आम्ही फक्त गाद्या आणि उशा टाकल्या. मी सकाळीच गेले होते, खिडक्यांना काळं कापड लावायला. दिवसाउजेडी रात्र करायची म्हणजे आधी सगळ्या फटी बुजवाव्या लागतात.

पण कापड लावायला गेले तर काचा आतून काळ्या रंगवलेल्या! रंगावर रंग, कित्येक थर. नखाने खरवडून पाहिलं, उजेड काही आला नाही.

किल्ल्या सांभाळणाऱ्या बाई दारातच खुर्ची टाकून स्वेटर विणत बसल्या होत्या. गोऱ्यापान, गुबगुबीत, हसऱ्या. मी विचारलं, "बाई, आमचं काम आधीच कुणी करून ठेवलं?"

"अगं, इथे रात्रपाळीची माणसं झोपायची," त्या म्हणाल्या. "पलीकडे काचेचा कारखाना होता ना. रात्रभर भट्टीपुढे राबायचे आणि दिवसा इथे येऊन पडायचे. उजेड नको म्हणून काचा काळ्या केल्या. माझी आत्या त्यांचं जेवण करायची, ती सांगायची."

"मग दिवस आहे की रात्र, हे कळायचं कसं त्यांना?"

"कळायचंच नाही! म्हणून तर उठव्या ठेवला होता. माणूसच ठेवलेला, झोपलेल्यांना उठवायला. हातात छोटा कंदील. एकेका उशीशी जायचा, तोंडावर उजेड धरून माणूस बघायचा, कानात त्याचं नाव घ्यायचा, की तो उठला. एकदम ओरडून सगळ्यांना उठवायची सक्त मनाई."

"का बरं?"

"सगळ्यांची पाळी एक नसायची ना. एकदम हाक मारली की ज्याची पाळी नाही तोही झोपेतच उठायचा आणि बाकीच्यांच्या मागे चालू लागायचा." बाई सुया थांबवून खुदकन हसल्या. "एक जण असाच गेला म्हणे. परत आलाच नाही. लागली असेल दुसरीकडे नोकरी."

मीही हसले. मला तर उठव्या आवडला, आमच्याच धंद्यातला वाटला.

दुपारपर्यंत दिवे लागले. खिडक्या काळ्या म्हणून जावई आतच, दाराजवळ, ज्युनिअर दोन कोपऱ्यांत, बेबी खाटांच्या वर लटकवलेला, पुढे कुकी. कॅमेरामन नवा होता, आमच्याबरोबर पहिल्यांदाच. भला माणूस. आमची "निजव-उठव" भाषा ऐकून त्याला इतका आनंद झाला की जावई सोडून लागेल तो दिवा विनाकारण उठवत आणि निजवत होता. पोराला शिट्टी मिळाली की दुसरं काय होणार!

जेवणाची सुट्टी झाली आणि सगळी मंडळी बाहेर गेली. भाऊजींनी जेवण आधीच उरकलं होतं. हॉलच्या पार टोकाची खाट बघून ते आडवे झाले आणि मी "भाऊजी, वायर..." म्हणेपर्यंत घोरायलाही लागले. मी दाराशी स्विचच्या पेटीजवळ. कॅमेरामन मध्ये उभा, हातात उजेड मोजायचा मीटर. सगळे दिवे निजलेले, दार लोटलेलं, आत गुडुप अंधार. जुन्या रंगाचा वास आणि त्याखाली कसलातरी गरम वास, तापल्या वाळूचा असतो तसा.

"वहिनी," कॅमेरामनचा उत्साही आवाज आला, "जरा एकदा पूर्ण वॉर्ड बघू या. सगळ्यांना उठवा!"

माझा हात स्विचवर होता. मी म्हणणार होते, अहो, आधी नावं घ्या. पण त्याआधी हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून उत्तर आलं.

"उठवतो..."

हळू, समजूतदार आवाज. मला वाटलं, भाऊजी. झोपेतही स्विचवर असल्यासारखे बोलतात कधी कधी. मी मनात म्हटलं, चला, आज स्वप्नातही हजर आहेत. आणि एकेक स्विच वर केला. जावई, ज्युनिअर, बेबी. वॉर्ड उजळला. खरंच सुंदर दिसत होता हो. पांढऱ्या उशांची रांग आणि भिंतीवर पानांची सावली. कॅमेरामनने तर टाळीच वाजवली.

मग तो म्हणाला, "वहिनी, त्या पहिल्या उशीवर पिवळा ठिपका कुणाचा आहे? बेबी गळतोय का कुठून?"

पहिल्या खाटेच्या उशीवर बशीएवढा पिवळसर गोल उजेड पडला होता. मध्ये उजळ, कडेला मऊ. मी म्हटलं, असेल. "बेबी निजव," मीच म्हटलं आणि मीच स्विच खाली केला, "निजवला." ठिपका तिथेच. ज्युनिअर निजवला. ठिपका तिथेच. शेवटी जावयालाही निजवला, म्हणजे आता वीस मिनिटांचं रुसणं आलं. सगळीकडे अंधार आणि त्या उशीवर तो उजेड, तसाच.

"गंमतच आहे," कॅमेरामन म्हणाला. पुढे जाऊन त्याने मीटर त्या उजेडात धरला. बराच वेळ बघत राहिला. "वहिनी... हा शून्य दाखवतोय."

"मीटर बिघडला असेल."

"सकाळीच... सकाळीच तपासलाय."

मी दार ढकलून बाहेर ओरडले, "अहो, जनरेटर बंद करा!" बाहेरची घरघर थांबली. हे लांबून ओरडले, "बंद केला! का गं?" आता हॉलमध्ये विजेचा थेंब नव्हता. मी दार पुन्हा लोटलं आणि आत पाहिलं.

पहिल्या खाटेच्या स्प्रिंगा करकरल्या. माणूस उठून बसतो तेव्हा करकरतात तशा. उशी मध्ये दबलेली होती ती हळूच फुगून वर आली. आणि तो उजेड सावकाश सरकला, दोन खाटांमधल्या फरशीवरून, आणि दुसऱ्या उशीवर जाऊन थांबला. मग काहीतरी पुटपुटल्याचा आवाज. शब्द कळले नाहीत. नाव असावं. पुन्हा करकर. पुन्हा उजेड पुढे.

कॅमेरामन भिंतीला पाठ लावून माझ्याकडे सरकत आला. "वहिनी," तो कुजबुजला, "मी फक्त म्हटलं, सगळ्यांना..."

"कळलं," मी म्हटलं. "तेच झालंय."

खरं सांगते, पहिल्यांदा मला भीती नाही वाटली. म्हटलं, बिचारे कधीचे निजलेत, कामाला जात असतील तर जाऊ देत. त्यांची पाळी, त्यांचा उठव्या, आपण मध्ये बोलणारे कोण? उजेड शिस्तीत पुढे चालला होता, कुणाला ढकलणं नाही, घाई नाही. आणि मग मला आठवलं. रांगेच्या शेवटच्या खाटेवर भाऊजी होते.

सगळ्यांना म्हटल्यावर तेही आलेच की त्यात. ज्याची पाळी नाही तो.

त्यांच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. जाऊ सकाळी दारात उभी राहून म्हणाली होती, "ताई, ह्यांना झोपले तिथे विसरून येऊ नका हं." हसत म्हणाली होती. घरी जाऊन तिला काय सांगू? की जनरेटर बंद होता, मी दारात होते, आणि तुझा नवरा माझ्या डोळ्यांदेखत कामावर निघून गेला? आणि सासूबाईंना काय सांगू?

मी धावले. अंधारात एका वायरीला पाय अडकला, गुडघा फुटला, ते नंतर कळलं. "भाऊजी! अहो भाऊजी, उठा!" खांदे धरून गदागदा हलवलं. नेहमी निदान "पाच मिनिटं" तरी म्हणतात. आज नाही. घोरणंही थांबलं होतं. अंग गरम, श्वास चालू, पण माणूस कुठेतरी खोल.

मग मला वाटलं, हा दिवाच तर आहे. दिवा म्हणजे माझ्या अखत्यारीतला. त्याला नावाने निजवला की झालं. पण नाव काय त्याचं?

"इंकी निजव!" मी ओरडले. उजेड पुढच्या उशीवर गेला. करकर. "रेडहेड निजव! सीनियर निजव!" पुढची उशी. सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेली, कधी पाहिलीही नाहीत अशा जुन्या दिव्यांची नावं घेतली. नणंद घेतली. घाबरून गोबो आणि कुकीही म्हणून टाकलं, ते तर दिवेसुद्धा नव्हेत. एकालाही उत्तर आलं नाही. उलट उत्तर आलं नाही म्हणजे हुकूम पोचला नाही, एवढं मला कळत होतं. या सगळ्या नावांचा बाप कोण, हे जिथे कुणालाच ठाऊक नाही, तिथे ह्याचं नाव मला कोण सांगणार होतं?

उजेड भाऊजींच्या उशीवर आला.

त्यांचा चेहरा उजळला. इतक्या जवळून मी पाहत होते, पण कंदील दिसेना, हात दिसेना, नुसता उजेड. तापल्या वाळूचा वास नाकात भरला. माझ्या कानापाशी कुणीतरी श्वास घेतला, नाव घेण्याआधी माणूस घेतो तसा, आणि थांबला. नाव आठवत नसल्यासारखा.

भाऊजी उठून बसले. डोळे मिटलेले. पाय खाली सोडले आणि तळव्यांनी फरशीवर बूट चाचपू लागले.

"येतो..." ते म्हणाले. इतक्या आज्ञाधारक आवाजात त्यांनी जन्मात कुणाला उत्तर दिलं नव्हतं, आईलासुद्धा.

त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दिव्याचं नाव मला माहीत नाही. पण माणसाचं आहे. आणि निजवायचं कुणाला आहे? दिव्याला कशाला? मी पोट आवळलं आणि स्विचवरच्या माणसाला सांगते त्याच आवाजात, त्या उजेडाला हुकूम सोडला.

"भाऊजी निजव!"

काहीच झालं नाही. भाऊजींचा एक पाय बुटात गेला होता. दाराकडून पुष्कळ बुटांची चुळबुळ ऐकू येत होती, माणसं कुणासाठी तरी थांबलेली असतात तशी. कॅमेरामन तिथेच कुठेतरी असणार.

मग माझ्या खांद्याशी, अगदी जवळून, तोच समजूतदार आवाज आला.

"निजवला..."

भाऊजींनी बुटातून पाय काढला. आडवे झाले, कूस बदलली आणि दोन्ही हात गालाखाली घेऊन असे घोरायला लागले की त्या खाटेचीही करकर बुडाली. मी आयुष्यात इतकं गोड संगीत ऐकलेलं नाही. उजेड उशीवरून उतरला, खाटांच्या रांगेतून दाराकडे गेला, आणि बुटांचे आवाज त्याच्या मागोमाग. दार उघडलं नाही. आवाज मात्र बाहेर गेले.

बाहेर हे जनरेटरच्या पायरीवर बसून केळं खात होते. त्यांनी काही पाहिलं नाही. "गार वारा आला एकदम," एवढंच म्हणाले.

भाऊजींना जागं करायचं राहिलं होतं. "उठव" हा शब्द उच्चारायची माझी छाती होईना. शेवटी कपभर गरम चहा आणून त्यांच्या नाकाखाली धरला. एक डोळा उघडला.

"साखर कमी आहे, वहिनी," ते म्हणाले.

मला रडू फुटलं. हसूही फुटलं. कॅमेरामन तर त्यांच्या गळ्यात पडून रडला, आणि भाऊजी मला खुणेने विचारत राहिले, की ह्याला झालंय काय. त्या दिवशीचं काम आम्ही दार सताड उघडं ठेवून, सगळी नावं घेऊन केलं. कॅमेरामन तर खुर्चीलाही नावाने हाक मारून मगच बसत होता. प्रसंग छान झाला. सिनेमा पडला, पण तो आमच्या दिव्यांमुळे नव्हे.

निघताना किल्लीवाल्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांच्या सुया थांबल्या. "अगं बाई!" मग जरा पुढे झुकून म्हणाल्या, "नाव नाही ना सांगितलंत कुणाचं त्याला?"

"छे," मी म्हटलं. "भाऊजी म्हटलं फक्त. ते काय नाव आहे? जगात भाऊजी थोडे आहेत का!"

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा विणायला लागल्या.

मीही तसंच धरून चालले. ठीकच होतं सगळं. भाऊजी ठणठणीत, पूर्वीसारखेच कामाला वाघ आणि झोपेला अजगर. त्यांनी वेगळं बिऱ्हाड केलं, तेही आनंदाने.

मग मध्ये जाऊ घरी आली होती. भाजी निवडता निवडता म्हणाली, "ताई, एक गंमत सांगू? आमच्याकडे अंधारात ह्यांचा कान दिसतो."

"कान?"

"एकच, डावा. दिवा बंद केला, पडदे ओढले, तरी त्यांच्या कानावर पिवळा उजेड असतो. मी म्हटलं, बरं झालं. रात्री पाणी प्यायला उठले तर पाय नाही पडणार त्यांच्यावर."

मी निवडलेली भाजी देठांत टाकली. पुढच्या खेपेला ती आली तेव्हा उजेड गालावर आला होता. त्याच्या पुढच्या खेपेला नाकापर्यंत. जाऊ कौतुकाने सांगते, "रोज थोडा थोडा वाढतोय हो, ताई."

पण इतकी वर्षं मी हेच काम केलंय. कानावरचा उजेड गालावर येतो, गालावरचा नाकावर येतो, तेव्हा उजेड वाढलेला नसतो. दिवा सरकलेला असतो. आधी माणसाच्या मागे असतो, मग बाजूला येतो, मग पुढे. नाव आठवेपर्यंत कुणी खाटेभोवती सावकाश फिरत असेल तर असंच दिसेल. मी हे जावेला सांगितलं नाही. फक्त म्हटलं, भाऊजी आडवे झाले की रोज त्यांच्या कानात "निजव" म्हणत जा. ती हसली, पण म्हणते. आमच्या घरात सुना ऐकतात.

परवा तिचा फोन आला. एकदम खुशीत. "ताई, आता दोन्ही गालांवर सारखा पडतो बघ! अगदी फोटो काढल्यासारखे दिसतात."

दोन्ही गालांवर सारखा, म्हणजे दिवा बरोबर समोर. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "मग गं... तू मध्ये आलीस की तुझी सावली पडत असेल त्यांच्यावर?"

"पडते की," ती हसत म्हणाली. "पण ताई, मी त्यांच्या शेजारी आडवी असते... आणि सावली वाकून उभी असते."